साल्याच्या हातातला दोर

जव्हारच्या आमच्या शाळेत कुणी ‘साल्या’ म्हटलं की मारामारी ठरलेली. त्या शब्दावरून मी एकाचा दातही हलवला होता. बहिणीच्या पाड्यावर मात्र मला सगळे साला म्हणूनच ओळखायचे, म्हातारेकोतारेसुद्धा, आणि तेही इतक्या मानाने की सुरुवातीला कुणाच्या अंगावर धावून जावं तेच मला कळेना.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दहावीची परीक्षा झाली होती आणि निकालाला अवकाश होता. वडील जव्हारला एका कचेरीत कारकून होते. नोकरीपायी आम्ही गाव सोडलं, मी तालुक्याच्या ठिकाणी वाढलो, बूट घालून शाळेत गेलो आणि स्वतःला बराच शहाणा समजायला लागलो. बहीण माझ्याहून पुष्कळ मोठी. तिला मी बाय म्हणायचो. वावर गावाच्याही पलीकडच्या एका पाड्यावर तिला दिली होती. एसटी जिथे टेकायची तिथून एक ओढा उतरायचा, एक डोंगर चढायचा आणि मग कुत्री भुंकायला लागली की आलं म्हणायचं.

मला सुट्टीत पाठवावं, असा निरोप त्या वर्षी बायनेच धाडला. आईला नवल वाटलं. त्याच्या दोन पावसाळे आधी त्या बाजूच्या पाड्यापाड्यांवरची पोरं उपासमारीने दगावली, त्यात बायचंही मूल गेलं. साहेबांच्या जीपा आल्या, दुधाची पावडर आली, पुढे जीपा यायच्या बंद झाल्या. बायने तेव्हापासून कुणाला ये म्हटलं नव्हतं, आणि स्वतःही माहेरी आली नव्हती.

दाजी, म्हणजे तिचा नवरा, मला भयंकर आवडायचा. आई त्याला अहो-जाहो करायची, पण त्याने पहिल्याच दिवशी मला सांगून टाकलं, “मना अरे बोल. अहो बोललास का मना म्हातारा झाल्यागत वाटतं.” घरात ते आपली बोली बोलत आणि माझ्यासाठी तिला मराठीचं ठिगळ लावत. दाजी पंचविशीचा असेल. उंच, सडसडीत, झाडावर चढला तर फांदी हलायची नाही. ओढ्याच्या डोहात त्याने मला पोहायला शिकवलं, दगडाखालचा खेकडा मागून कसा धरायचा ते दाखवलं, आणि बायच्या मागे विडीचा झुरकाही दिला. मी खोकून खोकून रडकुंडीला आलो तेव्हा तो इतका हसला की मलाही हसू आलं. मला थोरला भाऊ नव्हता. सोळाव्या वर्षी असा एखादा मिळाला तर माणूस कुत्र्यासारखा त्याच्या मागे फिरतो. मीही तसाच फिरत होतो.

त्याच्याबरोबर कायम तिघं असायचे. एक वसईच्या खाडीत रेती काढायला जायचा, त्याला सगळे रेतीवाला म्हणत. त्याच्या बोलण्यात हिंदी घुसलेली आणि तोंडाला कुलूप नाही. दुसरे दोघं भाऊ होते, थोरला आणि धाकटा. ते दाजीबरोबर नाशिककडे द्राक्षांच्या बागांत जात. होळीला सगळे परत आले होते आणि आता पावसापर्यंत त्यांना कुणी मुकादम नव्हता. दिवसभर कामं करायची आणि कामापेक्षा जास्त गप्पा मारायच्या. त्या गप्पांत मला बसू देत. बायकांविषयी काही निघालं की रेतीवाला माझ्याकडे बघून म्हणायचा, “कान बंद कर रं, दहावी फेल होशील.” मग मुद्दाम आवाज चढवून सांगायचा.

पाड्याच्या खाली एक कडा होता. त्याच्या पोटात दरवर्षी आग्या मोहोळं लागत, पराती उलट्या टांगाव्यात तशी. उन्हाळ्याच्या शेवटी मध काढायचा. वरून दोर सोडून एकाने कड्याच्या पोटाशी उतरायचं, धूर करायचा आणि बांबूला बांधलेल्या कोयत्याने पोळं कापायचं. हे काम दाजीचं. आणि दाजीचा दोर धरायचं काम त्याच्या साल्याचं. मला तिथे इतका मान का होता ते मला तेव्हा कळलं.

दाजीच्या म्हाताऱ्या बापाने मला ते अंगणात बसून समजावलं. “भावाच्या हातात दोर द्यायचा नाय. भावाला वरून शेत दिसतं. साल्याच्या हातात द्यायचा. साल्याला बहिणीचं कुंकू दिसतं.”

मी म्हटलं, “आणि मित्राच्या हातात?”

“मित्राला काय दिसंल ते कुणाला ठाव.”

आतापर्यंत हा दोर आमचा चुलतभाऊ धरत आला होता. तो शेजारच्याच पाड्यावर राहायचा, बैलासारखा दणकट. या वर्षी त्याचा हात मुरगळला होता. बायने सांगितलं, माझा सख्खा भाऊ येणार आहे, तो धरील. ऐकून माझी छाती फुगली. आजवर मला कुणी असं काही धरायला दिलं नव्हतं.

दोर दरवर्षी नवा लागतो. घायपाताची पानं डोहात कुजत घातली होती. ती ठेचून वाख, म्हणजे आतले तंतू, काढायचा, वाळवायचा आणि मग तिघांनी मिळून वळायचा. वास असा की जेवण जाऊ नये. मी एका टोकाला बसून पीळ द्यायचो, दुसऱ्या टोकाला थोरला, आणि मधून दाजी चालत यायचा, बोटांनी दोर चाचपत. वळलेला दोर ओलांडायचा नाही, असा नियम. मी एकदा पाणी प्यायला उठलो आणि सरळ त्यावरून टांग टाकली. थोरल्याने माझ्या मांडीवर असा फटका मारला की बोटं उमटली. मग तेवढा भाग त्याने उसवून पुन्हा वळायला घेतला. कुणी हसलं नाही. रेतीवालासुद्धा नाही. मला राग आला होता, पण भीतीही वाटली.

मध काढायच्या आदल्या दुपारी दाजी कोयत्याला धार लावायला गेला आणि आम्ही चौघं डोहावर होतो. धाकटा म्हणाला, यंदा मध पुष्कळ दिसतोय. रेतीवाला पाठीवर पाण्यात पडून होता. तो म्हणाला, “पुष्कळच लागंल ना. नवी येणार, तिच्या बापाला देज द्यायला लागंल.”

देज म्हणजे नवरीच्या बापाला द्यायचं मोल. मी म्हटलं, “कुणाचं लग्न आहे?”

तो काय बोलून बसला होता ते त्याच्या ध्यानातच आलं नाही. त्या दिवसांत मी त्यांच्यातलाच एक झालो होतो, आणि त्याच्या लेखी मला सगळं माहीत असणारच. “तुना दाजीचं. बागेत एक हाय. तिला दिवस गेलं. पाऊस पडायच्या आधी आणायची म्हणतो.”

थोरल्याने पाण्यावर हात आपटला. रेतीवाल्याने मान वर केली, माझं तोंड बघितलं आणि तो पाण्यात उभाच राहिला. मी कोण आहे आणि उद्या माझ्या हातात काय असणार आहे, हे त्याला तेव्हा आठवलं असावं.

“मस्करी केली रं,” तो म्हणाला.

मस्करी नव्हती हे समजण्याइतका मी त्यांच्यात राहिलो होतो. मी कपडे उचलले आणि तसाच ओल्या अंगाने वर निघालो. डोक्यात एकच चाललं होतं: हा माणूस माझ्या बहिणीचं कुंकू पुढे करून माझ्या हातात जीव देणार, खाली उतरणार, मध काढणार आणि त्या मधावर तिला सवत आणणार. आणि दोर धरायचा मी. मूर्ख मी, छाती फुगवून फिरणारा.

बायला सांगायचं होतं. घरी आलो तर ती चुलीपाशी होती. त्या संध्याकाळची एक रीत असते. उतरणारा आणि दोर धरणारा एका ताटात जेवतात आणि वाढायचं बहिणीने. दुसऱ्या कुणी ताटाला हात लावायचा नाही. नागलीच्या भाकऱ्या, सुक्या बोंबलाचं कालवण आणि थोडा भात. दाजी माझ्यासमोर मांडी घालून बसला, मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, “खा सालेसायब. उद्या ताकद लागंल.”

मी खाल्लं. बायकडे बघायची हिंमत होत नव्हती. जेवण झाल्यावर तिने कोपऱ्यातला दोर पुढ्यात ओढला, बोट कुंकवात बुडवून त्याच्या टोकाला लावलं आणि ते टोक माझ्या मांडीवर ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला वाटलं, बिचारीला काही माहीत नाही. तोंड उघडलं असतं तर त्याच ताटासमोर सगळं उघडं पडलं असतं. मी नाही उघडलं. भ्यालो म्हणा.

पहाटे निघालो. आग्या माश्यांना ऊन लागायच्या आत काम उरकावं लागतं. कड्यावर पोचलो तेव्हा समोरची दरी नुकती दिसायला लागली होती आणि खालून माश्यांचा गुंगुंग असा आवाज येत होता. कड्याच्या वर एक जुना ऐन होता. दोराचा त्याच्या बुंध्याला एक वेढा द्यायचा आणि कुंकू लावलेलं टोक माझ्या मुठीत. वेढा असल्यामुळे वजन बरंचसं झाड घेतं, पण सोडायचं, थांबवायचं ते मूठच ठरवते. मूठ उघडली तर झाडाचा काही उपयोग नाही. बाकीच्यांनी वर ओढायच्या वेळी मदतीला यायचं, त्याआधी दोराला बोटही लावायचं नाही.

दाजीने अंगाला घोंगडी गुंडाळली, पत्र्याचा डबा कमरेला बांधला, ओल्या पाल्याची धुरी घेतली. दोर काखेतून, कमरेतून घेऊन गाठ मारली. तेवढ्यात धाकटा त्याच्याजवळ गेला आणि खालच्या आवाजात काहीतरी बोलला. मला शब्द ऐकू आले नाहीत. यायची गरजही नव्हती. दाजीची गाठ मारणारी बोटं थांबली.

रेतीवाला दुसरीकडे बघत होता. थोरला पुढे आला आणि म्हणाला, “आज ऱ्हाऊ दे. नायतर मी धरतो.”

“तू मना साला हायस का?” दाजी म्हणाला. पण त्याचं लक्ष माझ्याकडे होतं. तो कड्याच्या काठावर उभा होता, मी झाडाशी. मधे तो पिवळट दोर जमिनीवर पडलेला, कुणीही न ओलांडलेला.

त्याने मला विचारलं, “धरशील?”

खरं सांगायचं तर मला बोलताच आलं नाही. मी नुसते दात आवळले. तो वाट बघत उभा राहिला. तो माघारी फिरला असता तर पाड्यात सगळ्यांना कारण कळलं असतं, बायलाही. साल्यावर भरवसा नाही म्हणून फिरला, असं झालं असतं. आणि साल्यावर भरवसा का नाही, हे पुढचं. उतरायचं तर माझ्या मुठीवर उतरायचं. मग तो पाठमोरा झाला, काठावरून पाय खाली सोडले आणि त्याचं डोकं दिसेनासं झालं.

दोर ताठ झाला. मी हळूहळू सोडत गेलो. एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे आणखी सोड, सतत हिसके म्हणजे ओढा. एक हिसका आला. मी थांबलो. खालून धूर वर आला आणि माश्यांचा आवाज एकदम बदलला.

त्या उठल्या. कड्याच्या काठावरून काळा लोट वर आला आणि आमच्यावर पसरला. तिघंही घोंगड्या घेऊन जमिनीवर पालथे पडले. त्यांचं बरोबर होतं, तसंच करायचं असतं. दोर धरणाऱ्याला पालथं पडता येत नाही. पहिला डंख भुवईवर बसला, मग मानेवर, मग किती ते कळलं नाही. डोळे मिटले होते. खाली दाजीला माश्यांनी बहुधा जास्तच धरलं होतं, कारण तो झोके घ्यायला लागला आणि दोर माझ्या मुठीतून सरकायला लागला. वाख कच्चा, खरखरीत. तळव्यांची साल दोराबरोबर निघाली तशी मी मूठ आवळली. सरकणं थांबलं.

सोडावासा वाटला का? वाटला. कुणी बघत नव्हतं. माश्यांनी धरलं होतं, हात सोललेले होते, पोरगा सोळा वर्षांचा. कुणी मला बोल लावला नसता. हे सगळं त्या वेळी स्वच्छ दिसत होतं, डोळे मिटलेले असूनही. बायचं कुंकू दिसायला हवं होतं, ते दिसलं नाही. दिसली ती चुलीपाशी बसलेली बाय, जिच्या घरात आता सवत येणार होती. संताप इतका की हातांचं दुखणंही कळेना. पण दोरातून काहीतरी येत होतं. आधी मला वाटलं मीच थरथरतोय. मग कळलं, ती थरथर खालून येतेय. दाजीचे पाय कातळावर टिकत नव्हते आणि त्याची भीती दोरातून सरळ माझ्या मुठीत येत होती. फांदीही न हलवणारा हा माणूस घाबरतो, हे मला त्याआधी कधी माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं की मला कळलंय, आणि तरी तो खाली होता. मी ऐनाच्या बुंध्याला पाय लावला आणि मागे रेललो.

मग सतत हिसके आले. मी ओरडलो तसे तिघं धावले. आम्ही ओढलं.

दाजी वर आला तेव्हा त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. एक डोळा बंद, ओठ सुजलेला. डबा मात्र भरलेला. तो काठावर बसून राहिला, श्वास घेत. मग त्याने डब्यातून पोळ्याचा पहिला तुकडा काढला. तो दोर धरणाऱ्याचा मान. उतरणाऱ्याने आपल्या हाताने भरवायचा आणि त्याने तोंड उघडायचं. तसं झालं की मग बाकीच्यांनी डब्याला हात लावायचा.

त्याने तुकडा माझ्या तोंडाशी धरला. मध त्याच्या मनगटावरून ओघळत होता. मी तोंड उघडलं नाही. दाजीचा हात तसाच राहिला, मग तो थोडा खाली आला.

“तुना राग आला त्यो बरोबर हाय,” तो म्हणाला. सुजलेल्या ओठांनी त्याला नीट बोलता येत नव्हतं.

मी बोटांच्या टोकांनी त्याच्या हातातला तुकडा घेतला, पळसाच्या पानात बांधला आणि एकटाच पाड्याकडे निघालो.

बाय दारातच होती. तिने आधी माझ्या मागे वाटेवर बघितलं. मी म्हटलं, “आला वर. मागून येतोय.” तिने मान हलवली. मग माझे हात धरून उलटे केले आणि तळव्यांकडे बघत राहिली. तिथे कातडी नव्हतीच जवळजवळ. ती आत गेली, खोबरेल घेऊन आली आणि लावायला लागली.

“बाय, तो दुसरी आणतोय,” मी म्हणालो.

“तुला कधी कळलं?”

“काल. डोहावर.”

तिचा हात थांबला. “काल?” ती म्हणाली. “मला होळीपासून ठाऊक आहे. चुलतभावालाही. त्याचा हात मुरगळला नव्हता रे. तो म्हणाला, यंदा माझ्या हातात दोर देऊ नको, माझा मला भरवसा नाही. म्हणून तुला बोलावलं. तुला काही ठाऊक नव्हतं म्हणून.”

मला एकदम रडायला आलं. सगळं अंग सुजत चाललं होतं आणि मी सोळा वर्षांचा घोडा तिच्या ओटीवर बसून हुंदके देत होतो. तिने मला रडू दिलं. पळसाचं पान उघडून बघितलं, तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि मेण अंगणात थुंकलं.

“गोड आहे,” ती म्हणाली. पुन्हा माझ्या हातांना तेल लावायला लागली. जरा वेळाने, चुलीवर काय ठेवलंय ते सांगावं तशा आवाजात ती म्हणाली, “बरं केलंस धरलास ते. मी असते तर सोडला असता.”

मग ती उठली. दाराच्या आड तिचं गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. मला दिसलं नव्हतं, पण ते तिथे आधीपासूनच असणार. दाजी उतरलेला असताना तिला घर सोडायचं नव्हतं, एवढंच तिने वाटेत सांगितलं. तो पाड्याच्या वेशीवर आम्हाला समोरून भेटला, डबा खांद्यावर, एका डोळ्याने बघत. त्याने वाट सोडली.

एसटीपर्यंत ओढा होता, डोंगर होता आणि ऊन वर आलं होतं. माझ्या हातांनी काही धरवत नव्हतं, म्हणून तिचं गाठोडं आणि माझी पिशवी, दोन्ही तिनेच घेतली.